दार उघडं आहे, पण येतंय कोण?

गेल्या वर्षी गुढीपाडव्याला आमच्या महिला मंडळाच्या वाचनालयाचं उद्घाटन झालं, तेव्हा शंभरेक माणसं जमली होती. फीत कापली, नारळ फुटला, 'वाचाल तर वाचाल' हे तीन वक्त्यांनी तीनदा सांगितलं, पेढे संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कुलूप उघडून मी रजिस्टर पुढ्यात घेऊन बसले. बारा वाजेपर्यंत दोघेजण आले. एक शेजारच्या दवाखान्याचा पत्ता विचारायला, आणि दुसरे कालच्या खुर्च्या न्यायला आलेले मांडववाले!

साताऱ्याच्या एका टोकाला आमची कॉलनी. गावातली जुनी वाचनालयं पेठांमध्ये. तिथं जायचं म्हणजे जाता-येता रिक्षाचे पैसे, आणि दुपारचा तासभर जाणार तो वेगळाच. म्हणून आम्ही पाचजणींनी ठरवलं, आपल्याच कॉलनीत बायकांसाठी वाचनालय काढायचं. गणेश मंडळानं आपली खोली दिली, पण एक वर्षाच्या बोलीवर. वर्षभरात चाललं तर पुढं बघू, नाहीतर खोली शिकवणीच्या क्लासला भाड्यानं जाणार. क्लासवाले तेव्हापासून टपूनच बसलेत.

नवं काही सुरू केलं की आपल्याला वाटतं, चांगली गोष्ट आहे, लोक आपोआप येतील. मैत्रिणींनो, लोक आपोआप कुठंच येत नाहीत. फुकट असलं तरी येत नाहीत, हे मी या वर्षात शिकले. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये निघालं आणि मुंबईचं १८९८ मध्ये. भाषणात ही यादी म्हणून दाखवायला छान वाटते. मीही उद्घाटनाच्या दिवशी ती म्हटली होती. पण त्या प्रत्येक ठिकाणी पहिल्या वर्षी दारात बसून वाट बघणारं कोणीतरी असणारच की! त्याचं नाव कुठल्या भाषणात येत नाही.

पहिल्या दोन महिन्यांत आमचे सभासद झाले बारा. त्यातल्या पाचजणी आम्हीच.

मग आम्ही सगळे करतात तेच केलं. पत्रकं छापली, ती दूधवाल्याबरोबर घरोघर वाटली. व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. बघता बघता दोनशेच्या वर बायका झाल्या. नव्या पुस्तकाचा फोटो टाकला की चाळीस अंगठे वर यायचे. रजिस्टरवर मात्र कोऱ्या रेघा. मग कोणीतरी सुचवलं, लकी ड्रॉ ठेवा. येईल तिला कूपन, संध्याकाळी सोडत, पहिलं बक्षीस प्रेशर कुकर. कुकरसाठी आम्ही वर्गणी काढली. त्या दिवशी साठ बायका आल्या, रांग पार गेटपर्यंत. माझ्या मैत्रिणीनं फोटो काढले, ते ग्रुपवर फिरले, त्यालाही अंगठे आले. पुढच्या आठवड्यात त्या साठांतली एकही फिरकली नाही. जिला कुकर मिळाला तीसुद्धा नाही. त्यांचं काय चुकलं? आम्ही त्यांना कुकरसाठी बोलावलं, त्या कुकरसाठी आल्या.

तेव्हापासून 'गर्दी' या शब्दाचा मला थोडा राग येतो. गर्दी कशीही जमवता येते. पण आज आलेली बाई पुढच्या गुरुवारी पिशवीत पुस्तक घालून परत येते का, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचं उत्तर फोटोत दिसत नाही.

शेवटी मी वही घेऊन दारोदार गेले. "या ना वाचायला" असं म्हणायला नाही, "का येत नाही?" असं विचारायला. पहिल्या तीन घरांतच डोळे उघडले. आमची वेळ होती दहा ते बारा. आम्हा पाचजणींच्या सोयीची, कारण आमची मुलं आता मोठी. बाकीच्या घरांत ती वेळ डब्यांची, पाण्याची, शाळेच्या रिक्षाची. एकजण हसून म्हणाली, "अहो ताई, दहा ते बारा मला कोणी सोनं वाटलं तरी यायला जमायचं नाही." आम्ही वेळ बदलली, दुपारी तीन ते पाच. नोकरीवाल्यांसाठी रविवारी अकरा ते एक. एवढ्या एका बदलानं जे झालं ते हजार पत्रकांनी झालं नव्हतं.

दुसरी गोष्ट अनामत. आम्ही दोनशे रुपये ठेवले होते. दोनशे म्हणजे फार नाहीत, असं आम्हाला वाटलं. पण एका घरात सून काहीच बोलेना. सासूबाई आत गेल्यावर हळूच म्हणाली, "पुस्तकासाठी दोनशे मागितले तर हे विचारतील ना, कशाला म्हणून." भाजीला, साबणाला, मुलांच्या वह्यांना पैसे मागता येतात. स्वतःच्या वाचण्यासाठी मागायचे म्हणजे कारण द्यावं लागतं. मला वाटतं, आपल्याकडे बायका वाचत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी आधी हे दोनशे रुपये मागून बघावेत. आम्ही अनामत काढून टाकली. आमच्या खजिनदारबाई चिडल्या, पुस्तकं हरवतील म्हणाल्या. हरवली. वर्षभरात अकरा. मला त्याचं फारसं दुःख नाही. कपाटात धूळ खाणाऱ्या पुस्तकापेक्षा हरवलेलं बरं, ते निदान कोणाच्या तरी घरात आहे.

आता माझी चूक सांगते. पुस्तकं जमवताना लोकांनी भरभरून दिली. म्हणजे काय दिलं, तर बारावीची गाईडं, जुन्या आयकराची पुस्तकं, बंद पडलेल्या कॉम्प्युटरची माहितीपत्रकं. रद्दीवाला जे घेत नाही ते दान होतं, हा माझा अनुभव आहे. त्यातून निवडून आणि थोडी विकत घेऊन चारशेच्या वर चांगली पुस्तकं उभी केली. पण 'चांगली' कोणती, हे ठरवलं मी. बी.ए.ला मराठी होतं ना माझं! पाककृतींची पुस्तकं नकोत, भुताच्या गोष्टी नकोत, पोथ्या नकोत, जाड जाड रहस्यकथा तर नकोतच. दोन खोकी मी बाजूला काढून जिन्याखाली ठेवली. एके दिवशी एक काकू आल्या, सगळ्या कपाटांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "सगळी परीक्षेची पुस्तकं दिसतात!" मला लागलं. पण त्याच दिवशी जिन्याखालची खोकी वर आणली. भुताच्या गोष्टींची आता सतत मागणी असते. त्या नेणाऱ्यांतल्या काहीजणी हळूहळू दुसऱ्या कपाटाकडे वळल्या, काही नाही वळल्या. नाही वळल्या तर नाही!

डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयाचे पाच नियम १९३१ साली पुस्तकरूपात मांडले. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा त्यातला पहिला. दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. हे मी कधीतरी वाचलं होतं. पण त्याचा अर्थ मला कळला तो आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींमुळे. एक दिवस वाचनालयाच्या दारात चप्पल काढून त्या उभ्या. "मला जमंल असं काही आहे का?" शाळा चौथीपर्यंत, तीही चाळीस वर्षांपूर्वीची. मी लगेच मोठ्या अक्षरांचं, चित्रांचं पुस्तक दिलं. मला वाटलं, किती समजूतदारपणे निवडलं! दुसऱ्याच दिवशी ते परत आलं. "ताई, हे पोराबाळांचं आहे. मला माणसांचं द्या."

अक्षरं हळू वाचता येतात म्हणून माणूस लहान होत नाही, हे मला कळायला हवं होतं. मी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' दिलं. लक्ष्मीबाई स्वतः लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या, आणि त्यांचं लिहिणं म्हणजे ओट्यावर बसून सांगितल्यासारखं. मावशींना ते पुस्तक पुरं करायला अडीच महिने लागले. मध्ये मध्ये पोळ्या लाटताना त्या मला टिळकांच्या रागाच्या गोष्टी सांगायच्या, जणू शेजारच्या घरातल्या. "असला नवरा, बाई!" त्या त्यांच्या वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवतात, हे मला नंतर कळलं. कारण त्यांच्यामागून चौघी आल्या, आणि चौघींनाही 'तेच टिळकबाईंचं' हवं होतं. आमच्याकडे प्रत एकच! कुकरनं जे झालं नाही ते एका वाचकानं केलं.

एक उपाय मात्र आमच्या एका शिक्षिका मैत्रिणीचा. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पानाला एक कोरी चिठ्ठी जोडायची. वाचून झालं की पुढचीसाठी एक ओळ लिहायची, नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. 'चाळीस पानं दम धरा, मग सुटत नाही.' 'शेवट मला पटला नाही, तुम्हाला पटला तर सांगा.' 'रात्री एकटीनं वाचू नका.' एका आत्मचरित्राच्या मागं फक्त एवढंच होतं, 'पान ११२ माझंच आहे.' आता बायका आधी पुस्तक उलटं करून चिठ्ठी वाचतात. एवढी मोठमोठी परीक्षणं छापून येतात, पण शेजारणीनं लिहिलेल्या ओळीवर त्यांचा विश्वास जास्त.

पुस्तक माणसाकडे न्यावं, ही कल्पना काही आजची नाही. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले. मग संस्थानातल्या खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरायला लागल्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी'मधून तशाच पेट्या घरोघरच्या वाचकगटांकडे पाठवल्या, त्या परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत गेल्या. आणि आमच्याच जिल्ह्यातलं भिलार! पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं स्ट्रॉबेरीचं गाव, ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी मिळून पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं ठेवली होती, बरीचशी लोकांच्या राहत्या घरांत. आमचं मंडळ तिथं सहलीला गेलं होतं. मला आठवतं ते असं की, आम्ही पडवीत बसून वाचत होतो आणि घरातल्या आजी आमच्या शेजारीच निवांत लसूण सोलत होत्या. 'शांतता राखा' अशी पाटी नव्हती. आल्यावर मी आमची पाटी काढली.

आम्हीही मग दोन पिशव्या भरल्या. एक अंगणवाडीच्या सेविकेकडे असते, एक शिवणक्लासमध्ये. पण सगळ्यात मोठा धडा मिळाला तो कुलपाचा. मे महिन्यात माझ्या भाचीचं लग्न होतं, पाठोपाठ दुसरीच्या घरी आजारपण. दोन आठवडे वाचनालय उघडलंच नाही, पाटीसुद्धा लावली नाही. त्या दिवसांत कोण कोण येऊन परत गेलं, ते नंतर कळत गेलं. एक बाई उन्हातून तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन दोनदा आली होती. तिसऱ्यांदा ती आली नाही. मी तिच्या घरी गेले, माफी मागितली, तरी आली नाही. तिचं बरोबर आहे. पुस्तकं कमी असतील तर बायका चालवून घेतात, पंखा बंद असला तरी बसतात. पण काम आटोपून, घरात सांगून, साडी बदलून यायचं आणि दाराला कुलूप! आता आमच्यातली एक तरी तीनच्या ठोक्याला तिथं असते. दिवाळीत भाऊबीजेलाही मी तासभर बसले. कोणी आलं नाही. तरी बसले.

येत्या पाडव्याला वर्ष पुरं होतंय. गणेश मंडळाची बैठक या रविवारी आहे, क्लासवाल्यांचा प्रस्ताव त्यांच्यापुढं आहेच. अध्यक्षांनी परवा विचारलं, "वहिनी, रोज किती बायका येतात?" मी म्हटलं, "कधी पंधरा, कधी चार." त्यांचा चेहरा पडला. मी रजिस्टर पुढं केलं. सभासद एकशे त्रेचाळीस. दारातून कितीजणी आत आल्या हे मोजू नका, पुस्तकं किती बाहेर गेली ते मोजा, असं मी त्यांना सांगितलं. एक पुस्तक घरी गेलं की तीन माणसं वाचतात, कधी अख्खी वस्ती ऐकते, ती कुठल्या रजिस्टरमध्ये येणार? ते म्हणाले, "खरंय, पण भाड्याचं काय?" त्यांचंही खोटं नाही. क्लासवाले महिन्याला चांगली रक्कम देणार आहेत, आणि मंडळालाही खर्च आहेत. आम्ही महिन्याला दहा रुपये वर्गणी ठेवायची तयारी दाखवली आहे. दोनशेसारखे एकदम नाहीत, भाजीच्या सुट्ट्या पैशांत बसतील एवढेच.

बैठकीला जितक्याजणी येतील तितक्या हव्यात, म्हणून मी पुन्हा वही घेऊन फिरतेय. काल मावशींना म्हटलं, "रविवारी दहाला याल ना?"

"दहाला नळाला पाणी येतं," त्या म्हणाल्या. "साडेदहापर्यंत चौघींना घेऊन येते. तोवर त्यांना बोलण्यात गुंतवून ठेवा."