स्वस्त मोटारीचे महाग गणित

वस्तूची किंमत आणि वस्तूचा खर्च या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. किंमत खरेदीच्या वेळी एकदाच मोजावी लागते. खर्च मात्र वस्तू पदरी असेतोवर चालू राहतो. भाजी, कापड, वह्या यांच्या बाबतीत हा भेद जाणवत नाही, कारण तेथे किंमत हाच जवळजवळ सगळा खर्च असतो. मोटारीचे तसे नाही. एकेकाळी श्रीमंतांसाठी बनविलेली आणि आता पुष्कळ धावून जुनी झालेली मोटार घेताना जो हा भेद विसरतो, त्याचे घरगुती अंदाजपत्रक कोलमडल्याशिवाय राहत नाही.

युरोपात अशा मोटारींचा एक विशेष वर्ग आहे. इस्टेट मोटार म्हणजे जिचे छप्पर मागच्या टोकापर्यंत सरळ नेलेले असते आणि मागचे दार उघडताच सामानासाठी प्रशस्त जागा मिळते अशी गृहस्थी गाडी. टेल्कोने १९९२ मध्ये बाजारात आणलेली ‘टाटा इस्टेट’ पुष्कळांना आठवत असेल. या संसारी सांगाड्यात शर्यतीच्या तोडीचे इंजिन बसविण्याची कल्पना तिकडील कारखानदारांनी उचलून धरली. ‘ऑडी’ने ‘पोर्शे’च्या सहकार्याने १९९४ मध्ये ‘आरएस २’ काढली. त्याच वर्षी ‘व्होल्व्हो’ने आपली ‘८५० इस्टेट’ ब्रिटनमधील टूरिंग मोटारींच्या स्पर्धेत उतरविली. २००२ मध्ये ‘ऑडी’ची ‘आरएस ६’ आली: आठ सिलिंडर, दोन टर्बो, साडेचारशे अश्वशक्ती, आणि मागे मुलांच्या सायकली मावतील एवढी जागा.

ब्रिटनमध्ये नोकरीस असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने अशीच एक जुनी ‘आरएस ६’ घ्यावी काय, असे विचारले आहे. गाडी दीड लाख मैल धावलेली, किंमत नव्या लहान मोटारीहून कमी, आणि पैसे द्यावयाचे ते घराच्या पहिल्या हप्त्यासाठी साठविलेल्या रकमेतून. प्रश्न एका तरुणाचा असला तरी त्यातील तिढा कोणाही पगारदार माणसाचा आहे.

प्रथम घसाऱ्याचा विचार करू. समजा, नवी असताना ६०,००० पौंडांना विकली गेलेली गाडी आज १०,००० पौंडांना मिळते. गाडीची किंमत एक षष्ठांशावर आली. परंतु तिचे ब्रेक, टायर, टर्बो आणि गिअरबॉक्स एक षष्ठांशावर आलेले नाहीत. ते अद्याप ६०,००० पौंडांच्याच गाडीचे आहेत. ‘आरएस ६’च्या या पहिल्या पिढीतील स्वयंचलित गिअरबॉक्स आणि द्रवदाबाने परस्परांशी जोडलेले डॅम्पर यांविषयी जाणकार आवर्जून सावध करतात. विम्याचा हप्ता आणि पेट्रोलचा खर्च गाडीच्या वयाप्रमाणे नव्हे, तर तिच्या ताकदीप्रमाणे वाढतो. त्यातच लंडनचा प्रदूषण-आकार २९ ऑगस्ट २०२३ पासून शहराच्या सर्व विभागांत लागू झाला आहे; जुनी गाडी त्याच्या मानकात बसत नसेल तर ती रस्त्यावर आणल्याच्या प्रत्येक दिवसाचे वेगळे पैसे भरावे लागतात. तात्पर्य, विक्रेता सांगतो ती किंमत नसून केवळ प्रवेशशुल्क असते.

दुसरा मुद्दा माहितीचा. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. तीन नियतकालिकांनी साभार परत केलेल्या या निबंधाच्या कर्त्याला २००१ मध्ये स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: गाडीतील खोड विक्रेत्याला ठाऊक असते, ग्राहकाला नसते. ग्राहक म्हणून सरासरी गाडीची किंमत देऊ करतो. तेवढ्या किमतीत चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही, तो बाजारातून अंग काढून घेतो. उरतात त्यात सदोष गाड्यांचे प्रमाण वाढते, आणि किंमत आणखी उतरते. याचा अर्थ प्रत्येक विक्रेता लबाड असतो असा नव्हे. अर्थ इतकाच की, खात्री पटविण्याचे साधन नसेल तर प्रामाणिक विक्रेत्याचेही नुकसानच होते.

मग दीड लाख मैल हा आकडाच दोषाचा पुरावा मानावा काय? मुळीच नाही. वीस-बावीस वर्षांत दीड लाख मैल म्हणजे वर्षाला सुमारे सात हजार. यात अतिरेक कोठेच नाही. महामार्गावर तापलेल्या इंजिनाने, वेळच्या वेळी तेल बदलून कापलेले अंतर गाडीला फारसे बाधत नाही. उलट, थंड इंजिनावर रोज मैलभर जाऊन परतणाऱ्या गाडीच्या तेलातील ओलावा उडून जाण्यास अवसरच मिळत नाही, आणि वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर सुकते. तेव्हा भीती मोठ्या आकड्याची नको. ज्याच्यामागे कागद नाही अशा आकड्याची, मग तो लहान का असेना, भीती बाळगली पाहिजे.

हा कागद पुरविणे हे सार्वजनिक काम आहे, हे काही देशांनी ओळखले. ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या मोटारीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील २००५ पासूनच्या तपासण्यांत मीटर किती होता आणि गाडी कशामुळे नापास झाली, हे केवळ तिच्या क्रमांकावरून कोणालाही विनामूल्य पाहता येते. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना अंतराच्या नोंदींचे प्रमाणपत्र देणे बंधनकारक आहे. जर्मनीने २००५ मध्ये मीटर मागे फिरविणे हा फौजदारी गुन्हा ठरविला. ॲकरलॉफ यांनी दाखविलेली दरी शहाण्या नियमनाने पुष्कळ अंशी बुजविता येते, याचीच ही उदाहरणे होत.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला आमचे उत्तर स्पष्ट आहे: घराच्या पैशांतून ही गाडी घेऊ नये. हौस हा गुन्हा नाही, आणि कोणी कशात आनंद मानावा हे ठरविण्याचा अधिकार अर्थशास्त्राला नाही. परंतु हौस ही हौस म्हणूनच विकत घ्यावी. तिला काटकसरीचे नाव देऊ नये. पुढे कधी घ्यावयाचीच झाली, तर चार अटी पाळाव्यात. खरेदीच्या किमतीइतकी रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी ठेवावी आणि त्यासाठी कर्ज काढू नये. नोकरीवर जाण्यासाठी त्या एकाच गाडीवर विसंबू नये. तपासणीच्या नोंदी आणि दुरुस्तीची बिले जुळवून पाहावीत, आणि विक्रेत्याशी संबंध नसलेल्या कारागिराकडून गाडी स्वखर्चाने तपासून घ्यावी. शेवटची अट सर्वांत अवघड: किती खर्चानंतर थांबावयाचे तो आकडा आधीच लिहून ठेवावा. ‘इतके घातले, आता आणखी थोडे’ या एका वाक्याने जितके संसार खचले असतील, तितके मूळ खरेदीने खचले नसतील. बुडालेला पैसा पुढच्या निर्णयात धरावयाचा नसतो.

हा परमुलखातील प्रश्न म्हणून सोडून देता येणार नाही. पुण्यामुंबईच्या बाजारातही नव्या लहान मोटारीच्या किमतीत जुनी, दिमाखदार युरोपीय मोटार मिळते. आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे २००१ पासून जोडणी झालेली ‘ऑक्टाव्हिया’ पुष्कळांच्या डोळ्यांपुढे असेल. तिची वेगवान ‘आरएस’ आवृत्तीही येथे विकली गेली. परंतु येथील शिक्षकाने वा कारकुनाने अशी गाडी पाहावयास जावे, तर त्याच्या हाती काय असते? खासगी मोटारीची नोंदणी आपल्याकडे प्रथम पंधरा वर्षांची असते, आणि योग्यतेची सरकारी तपासणी साधारणतः ती संपल्यावर, नूतनीकरणाच्या वेळी होते. तोवर ग्राहकाने मीटरवर, विक्रेत्याच्या शब्दावर आणि स्वतःच्या नशिबावर भरवसा ठेवावा अशी अपेक्षा असते.

प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र घेण्यासाठी मात्र गाडी वारंवार केंद्रावर न्यावीच लागते. प्रत्येक वेळी मीटरवरील आकडा टिपून घेतला आणि ती वर्षवार नोंद गाडीच्या क्रमांकावरून कोणालाही पाहता येईल अशी ठेवली, तर तिजोरीवर फार मोठा भार पडू नये. श्रीमंताची गाडी बिघडली तर त्याची गैरसोय होते. पगारदाराची बिघडली तर मुलाचे शुल्क थकते. नोंदवहीची खरी गरज आहे ती या दुसऱ्या माणसाला.