गाठ दुखेपर्यंत थांबू नका



गाईला दगडी झाल्याची नुसती शंका आली, तरी आपण त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावतो. घरच्या लक्ष्मीच्या छातीत गाठ लागली, तर ती महिनोन्‌महिने पदराआड राहते. बोलणे कडू आहे, पण खरे आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले गेले. स्तनाच्या कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झालेली स्त्री देशात शंभरात एकही भरली नाही. शहरात पैसा असलेली बाई मॅमोग्राफी करून घेऊ शकते. खेड्यातल्या बाईला मात्र एसटीचे भाडे, बुडालेला रोज, धारेची वेळ आणि सोबत कोण येणार, एवढ्या अडचणी आडव्या येतात. ऊसतोडीला गेलेलीचे तर सहा-सहा महिने गावच सुटते.

पण यंत्र नाही म्हणून अडून बसू नका. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे झोपडपट्टीतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते.

अशीच हाताने करायची तपासणी सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी ठरवलेली आहे. त्यासाठी पैसे पडत नाहीत. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ती कोणत्या दिवशी होते, हे आशाताईंना विचारा.

स्तनात किंवा काखेत गाठ, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणे, यांपैकी काही दिसले तर तपासणीच्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, म्हणूनच ती फसवते. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, पण ते डॉक्टरांनी ठरवावे. अंगारा, लेप यांत दिवस घालवू नका.

सासू, सुना, जावा मिळून जा. एकटीला वाटणारी लाज चौघींत वाटत नाही. घरधन्याने त्या दिवशी धार काढावी. आणि आपल्या रानात मजुरीला येणाऱ्या बाईलाही पाठवा, तिचा त्या दिवसाचा रोज कापू नका.