पिशवी माझ्या हातात राहू दे

गेल्या हिवाळ्यात सीएमएच रोडवरून चार किलो अवरेकाय घेऊन घरी आले. हा बंगळूरकरांचा लाडका पावटा. थंडी पडली की इंदिरानगरात रस्त्याकडेला त्याचे ढीग लागतात. फाटकाशी पोचते तोच वॉचमन धावत आला आणि "कोडी अज्जी" (द्या आजी) म्हणत त्यानं पिशवी काढून घेतली. लिफ्टपाशी ती मुलानं घेतली. "आई, घरी मागवायचं ना! कशाला वजन उचलतेस?" दोघांचीही माया खरी होती. पण त्याच आठवड्यात माझा रिपोर्ट आला होता. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.२. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा इन्शुलिन रेझिस्टन्स. डायबेटिस अजून नाही, पण उंबरठ्यावर आहात. चालता ते चालू ठेवा, आणि वजनं उचलायला लागा."

मला पटेना. वय ६७, वजन ५१ किलो, रोज पाऊण तास चालणं. आयुष्यभर किडकिडीत राहिलेल्या बाईला कुठली साखर?

याचं उत्तर पुण्यात सापडलं. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय तंतोतंत २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपण भारतीय दिसतो बारीक, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी. वजनकाट्याला हा फरक कळत नाही. साठीनंतर तर काटा तोच आकडा दाखवत राहतो आणि आत स्नायूंची जागा चरबी घेत जाते.

साखरेच्या दृष्टीनं स्नायू म्हणजे कोठार. इन्शुलिनच्या सांगण्यावरून रक्तातून बाहेर पडणाऱ्या साखरेचा मोठा वाटा तेच उचलतात. पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं, आणि एक दिवस तेही थकतं. पण स्नायू जोर लावून आकसतो तेव्हा इन्शुलिनची वाट न पाहता साखर आत ओढून घेतो. पुढचा एखाददुसरा दिवस तो इन्शुलिनचं जरा जास्त ऐकतोही. म्हणून वजनांचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एखाद्या दिवसाची विश्रांती ठेवून करायचा. आज केला आणि महिनाभर विसरलं, तर उपयोग नाही.

बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी डायबेटिस असलेल्या ६२ वयस्कांवर केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी १६ आठवडे वजनं उचलली त्यांचं एचबीएवनसी सरासरी ८.७ वरून ७.६ वर आलं, आणि त्यांतल्या बहुतेकांची औषधं कमी करता आली.

आमच्या गल्लीतल्या जिममध्ये सकाळी अकराला तरुण मुलं नसतात. तेव्हा मी जायला लागले. पहिला महिना मी खुर्चीवरून हात न टेकवता उठत-बसत होते, एवढंच. दहा वेळा म्हणजे डोंगर चढल्यासारखं वाटायचं. मग रबरी पट्टा ओढणं, भिंतीला हात टेकून जोर मारणं, एक किलोचे डंबेल, पुढे तीनचे. ट्रेनर "ओंदु, एरडु, मूरु" मोजतो आणि श्वास कोंडू देत नाही. शेवटचे दोन आकडे खरोखर कठीण गेले पाहिजेत, नाहीतर वजन वाढवायची वेळ झाली, असा त्याचा नियम. बीपी, हृदय किंवा डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तरीही, कारण साखर अचानक खाली जाऊ शकते.

लहानपणी साताऱ्यात भाऊ तालमीत जायचे, जोर-बैठका काढायचे, आणि त्यांच्यासाठी वेगळं दूध ठेवलं जायचं. आम्ही मुली पाण्याच्या कळशा आणायचो. वजन आम्हीही उचललं, पण ताकद कमव असं आम्हाला कुणी म्हटलं नाही, की त्यासाठी वाटीभर जास्त वाढलं नाही. ही खंत मला आता, या वयात जाणवते.

आणि साखरेच्या भीतीनं आम्ही म्हाताऱ्या काय करतो? अर्धी भाकरी कमी करतो, रात्री चहा-बिस्किटावर भागवतो. साखर थोडी उतरते, पण सोबत स्नायूही उतरतात. मी आता दोन्ही वेळा वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ घेते, सोबत दही किंवा अंडं. भाताचा घास कमी केला, जेवण कमी केलं नाही. आठ महिन्यांनी रिपोर्टवर ५.९ आलं. त्याहून मोलाचं म्हणजे, जमिनीवर बसल्यावर उठायला आता कुणाचा हात लागत नाही.

यंदाही अवरेकाय आली. काल चार किलो घेतली, दोन पिशव्यांत वाटून. वॉचमनला हसून "बेडा", म्हणजे नको, म्हटलं आणि लिफ्ट सोडून जिना धरला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगा मागून रिकाम्या हातांनी चढत होता. पहिल्या मजल्यावर त्याचा हात पुढे आला. कठड्याशी थांबून मी दम घेतला, पिशव्या घट्ट धरल्या आणि पुढची पायरी चढले.