तेलाने दुबई घडवली, ही सोयीची दंतकथा

१/ “वाळवंटात तेल सापडले आणि दुबई झाली.” हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की ते तपासून पाहावे असे कोणालाच वाटत नाही. इतिहासाचा कालक्रमच त्याविरुद्ध साक्ष देतो.

२/ विसाव्या शतकाच्या आरंभी इराणने लेंगेह बंदरावर जाचक जकात लादली. त्याच सुमारास दुबईचे शेख मक्तूम बिन हशर यांनी आपल्या बंदरातील जकात उठवली. लेंगेहचे व्यापारी आखात ओलांडून दुबईत आले. शेजाऱ्याने गमावलेला व्यापारी ही दुबईची पहिली पुंजी.

३/ गाळाने भरलेली दुबईची खाडी उपसून मोठ्या जहाजांना मोकळी केली गेली, ती १९५९ ते १९६१ या काळात, कर्ज काढून. तेल सापडले १९६६ साली.

४/ दुसरी पुंजी आपण पुरवली. स्वतंत्र भारताने सोन्याची आयात रोखली. दुबईत ती खुली होती. तिथून गलबते भरून सोने मुंबईच्या किनाऱ्याकडे येई. एकच माल, दुबईत व्यापार आणि मुंबईत तस्करी! शिवाय १९६६ च्या अवमूल्यनापर्यंत दुबईत चलनही रिझर्व्ह बँकेच्या रुपयाचेच होते.

५/ २००४ साली हेच सूत्र कायद्याला लावले गेले. राज्यघटनेत दुरुस्ती करून दुबई आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र स्थापन झाले. त्याच्या हद्दीत देशाचे दिवाणी व व्यापारी कायदे लागू नाहीत. न्यायालयाची भाषा इंग्रजी, धाटणी इंग्लंडच्या ‘कॉमन लॉ’ची, पहिले सरन्यायाधीश सर अँथनी इव्हान्स हेही इंग्रजच.

६/ मग तेलाचे श्रेय शून्य? तसे नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘दुबई वर्ल्ड’ने कर्जफेडीस मुदत मागितली, तेव्हा अबुधाबीने १० अब्ज डॉलर दिले. जानेवारी २०१० मध्ये ‘बुर्ज दुबई’चे उद्घाटन झाले ते अबुधाबीच्या शासकाच्या नावाने: ‘बुर्ज खलिफा’. तेलाने शहर वाचवले खरे. पण ते तेल शेजाऱ्याचे होते.

७/ या दंतकथेवर माझा खरा आक्षेप असा, की ती माणसांनी घेतलेले निर्णय निसर्गाच्या खाती जमा करते. भांडवलाच्या सोयीसाठी परक्या देशाचा कायदा आणता येतो. मात्र मनोरे बांधणारा मजूर त्याच काळात मालकाच्या हमीला जखडणाऱ्या ‘कफाला’ पद्धतीत राहतो. ही निवड होती. तेलाचे नाव घेतले की ती निवड करणाऱ्यांना जाब विचारायचे राहून जाते.

८/ म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘तेल’ म्हणाले, तर एवढेच विचारा: मग तेलाच्या आधी ती खाडी कोणासाठी उपसली होती?