मोजलं ना एकदा, परत कशाला?



मापनाच्या पाठात आपण बाकाची लांबी एकदा मोजून घेतो, उत्तर वहीत उतरवतो, झालं. आमच्या आरोंद्यासारख्या गावात एवढ्यावर थांबू नये, असं माझं मत आहे. शेजारी रेडीला लोहखनिजाच्या खाणी, तेरेखोल ओलांडली की गोवा. खाणीतल्या टाकाऊ मातीचे डंप म्हणजे मुलांच्या लेखी डोंगरच. पण ती माती सैल ओतलेली असते. वर भार वाढला की कणांमधली हवा आणि पाणी बाहेर पडतं, ढीग दबतो. माती भरड असेल तर लगेच, चिखलासारखी बारीक असेल तर महिनोन्महिने.

इंजिनिअर भरावाच्या तळाशी लोखंडी प्लेट ठेवतात, तिला उभी सळई. ठरलेल्या दिवशी सळईच्या टोकाची उंची ढिगाबाहेरच्या पक्क्या खुणेशी ताडून लिहितात.

वर्गात आम्ही तळाला भोकं पाडलेल्या दोन बाटल्या घेतल्या. एकीत ओली वाळू, दुसरीत चिखल, वर झाकण आणि वजन. वाळू पहिल्याच दिवशी थांबली. चौथ्या दिवशी एकजण कंटाळून म्हणाला, "गुरुजी, काल मोजलंव मा, आज परत कित्याक मोजूचा?" चिखल तेव्हाही दबतच होता! एका गटाने खुणेची काडी झाकणालाच चिकटवली होती. काडी झाकणाबरोबर खाली गेली, फरक शून्य. पक्की खूण बाहेर का हवी, हे मला फळ्यावर सांगावंच लागलं नाही.

२१ ऑक्टोबर १९६६ ला वेल्समधल्या अबरफान गावावरचा कोळसा खाणीचा ढीग घसरून शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. त्या सकाळी कामगारांना माथा सुमारे तीन मीटर खचलेला दिसला होता. अशा ढिगांच्या सुरक्षिततेचा कायदा तिथे १९६९ मध्ये आला. दबणं आणि घसरणं एक नव्हे, मान्य. पण खचण्याचा वेग वाढतोय का, हे एका मापावरून कोण सांगणार?

मुलांना डंपवर मात्र नेऊ नका, पावसाळ्यात तर नाहीच. बाटली पुरते. आणि पालकांनो, जवळ डंप असेल तर ग्रामसभेत विचारा: शेवटचं माप कधी घेतलं, त्याआधीचं किती होतं, आणि खूण कुठे आहे?