स्पेनच्या लेकी आणि आपला गोवा



जयपूरच्या विद्याधर नगरातून आमेर फार लांब नाही. आमेरचे राजा भारमल यांनी 1562 मध्ये आपली मुलगी अकबराला दिली, ही गोष्ट इथे घरोघरी माहीत असते. मुलीचं लग्न लावून राज्य सांभाळायचं, ही रीत फक्त आपल्याकडचीच नव्हती. भारमल यांच्या आधी साठ-सत्तर वर्षं, स्पेनच्या एका राजा-राणीने आपल्या चार मुली अशाच परक्या राज्यांत दिल्या. त्यांतल्या दोघी आणि पुढे दोन नाती पोर्तुगालच्या राण्या झाल्या. म्हणून ही गोष्ट थेट आपल्या गोव्यापर्यंत येते.

राणीचं नाव इझाबेला, राजाचं फर्डिनांड. 1469 मध्ये लग्न झालं तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि तो सतरा. तिच्या भावाचा, म्हणजे कॅस्टिलच्या राजाचा, या लग्नाला विरोध होता. म्हणून नवरदेव नोकराच्या वेशात, लपतछपत लग्नाला पोहोचला! पुढे ती कॅस्टिलची राणी झाली, तो आरागॉनचा राजा झाला आणि दोघांनी मिळून कारभार केला. 1492 हे त्यांचं मोठं वर्ष. जानेवारीत ग्रॅनडाचं मुस्लिम राज्य त्यांनी जिंकलं. मार्चमध्ये ज्यूंना बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा, असा हुकूम काढला. त्याच वर्षी त्यांच्या मदतीने कोलंबस समुद्रात निघाला. 1496 मध्ये पोपने या जोडप्याला ‘कॅथलिक राजा-राणी’ हा किताब दिला.

आता घरात डोकावूया. मुलं पाच. एकुलता एक मुलगा हुआन लग्नानंतर सहा महिन्यांतच, 1497 मध्ये वारला. थोरली इझाबेल पोर्तुगालच्या राजपुत्राला दिली होती. तो घोड्यावरून पडून गेला. ती विधवा होऊन माहेरी आली, तरी पुन्हा पोर्तुगालचाच राजा मॅन्युएल याच्याशी तिचं लग्न ठरलं. ज्यूंना पोर्तुगालमधूनही घालवा, ही त्या लग्नाची अट होती. मॅन्युएलने ती मान्य केली आणि मग हजारो ज्यूंचा बळजबरीने बाप्तिस्मा केला. इझाबेल वर्षभरात बाळंतपणात गेली. तिचं बाळ मिगेलही दोन वर्षांचं व्हायच्या आत गेलं. मग त्याच जावयाला धाकटी मारिया दिली. कॅथरीन इंग्लंडला गेली. तिला आठव्या हेन्रीने टाकलं. हुआनाला तर आधी वडिलांनी आणि नंतर पोटच्या मुलाने, वेडी म्हणून 46 वर्षं कोंडून ठेवलं.

आता आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या सनावळ्या आठवा. मे 1498, वास्को द गामा कालिकतला पोहोचला. तेव्हा पोर्तुगालची राणी होती थोरली इझाबेल. 1510, अल्बुकर्कने गोवा घेतला. तेव्हा राणी होती मारिया. 1534, वसई पोर्तुगीजांकडे गेली. तेव्हा राणी होती कॅटरिना. ही हुआनाची धाकटी लेक, जी आईबरोबर त्याच कोंडवाड्यात लहानाची मोठी झाली. तिचं लग्न मारियाच्या मुलाशी, म्हणजे सख्ख्या मावसभावाशी झालं. नऊ मुलं झाली. नऊही तिच्या डोळ्यांदेखत गेली. नवरा गेल्यावर तीन वर्षांच्या नातवाच्या नावाने ती राज्य चालवू लागली आणि तिच्याच कारभारात, 1560 मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन आलं.

हे धर्मन्यायालय 1478 मध्ये पोपकडून स्पेनसाठी मागून घेतलं होतं, तिच्या आजी-आजोबांनीच. गोव्यात पहिल्यांदा ज्यांच्यावर त्याची नजर गेली, त्यांत बाटवलेल्या ज्यूंची कुटुंबं होती. मावशीच्या लग्नाच्या अटीमुळे ज्यांचा धर्म गेला, त्यांचीच मुलं-नातवंडं. पुढे नव्याने ख्रिस्ती झालेले गोवेकरही त्यात सापडले. घरात जुने सण पाळले, जुने विधी केले, एवढंही चौकशीला पुरे. हे न्यायालय कायमचं बंद व्हायला 1812 उजाडलं.

इतिहासात या जोडप्याचं नाव ‘स्पेन एक करणारे’ असं घेतलं जातं आणि ते खोटं नाही. पण आईबापांनी राज्यासाठी जे केलं, त्याची किंमत त्यांच्या लेकींनी भरली, आणि ज्यांनी स्पेन कधी पाहिलाही नाही त्या गोव्यातल्या घरांनीही भरली.

ग्रॅनडाच्या राजेशाही चॅपलमध्ये आज इझाबेला आणि फर्डिनांड शेजारी शेजारी आहेत. त्यांच्याजवळ हुआना, तिचा नवरा आणि छोट्या मिगेलची शवपेटी आहे. बाकीची चार मुलं मात्र चार गावी: आविला, टोलेडो, लिस्बन आणि इंग्लंडमधलं पीटरबरो. आपण सहज म्हणतो, ‘लेकी, दिल्या घरी सुखी राहा.’ या घरातल्या किती लेकी तशा राहिल्या, ते आता तुम्हीच मोजा.