घागर सापडली त्यानंतर

बेंबळीच्या आमच्या घरात तांब्याची एक जुनी घागर आहे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना ती नाहीशी झाली. कोणी शोधाशोध केली नाही. गावाबाहेर पारध्यांची पाले पडली होती, तेवढे पुरेसे ठरले. दोघांना ओढून आणून बेदम मारण्यात आले. पंधरा दिवसांनी गाळ काढताना घागर आमच्याच विहिरीत निघाली. तोवर पाले उठून गेली होती. घरात सर्वांना हायसे वाटले, हे मला लख्ख आठवते.

पुढे महाविद्यालयात असताना लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचले. गायकवाडांचे धनेगाव लातूरकडचे, आणि १९८२पर्यंत लातूर आपल्याच जिल्ह्यात होते. त्याआधी १९८०मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आले होते. दोन्ही आत्मकथनांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. आपण टाळ्याही वाजवल्या. परंतु त्यांतल्या गावकऱ्यांत स्वतःचा चेहरा शोधण्याचे कष्ट किती वाचकांनी घेतले?

या अन्यायाचे मूळ इंग्रजांच्या १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे, असे सांगणे आपल्याला आवडते. ते खरेही आहे. जन्मतःच गुन्हेगार ठरवून अख्ख्या जमातींची नोंद झाली. १९११च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. मग रोजची हजेरी, फिरण्याचे परवाने, सोलापुरातील सेटलमेंटचे तारेचे कुंपण. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. आमची घागर हरवली ती त्यानंतर पाव शतकाने. मारणारे हात इंग्रजांचे नव्हते. गुन्हा रक्तातून येतो, असे कायदा मानत होता. पिढ्यान्‌पिढ्या उतरली ती मात्र धास्ती. खाकी गणवेश दिसताच दचकणे पालातले मूल आईच्या कडेवरच शिकते.

आपल्याच तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला १९९३पासून भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी प्रकल्प उभा राहिला. त्यामागे गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे कष्ट आहेत. आपण तेथे जातो, धान्य देतो, कौतुकाने परततो. त्यात वावगे काही नाही. मात्र सेवा करणे आणि अपराध कबूल करणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी अजून आपल्यातले कोणी कोणत्या पालावर गेल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. मीही गेलो नाही.

गेल्या दिवाळीत वडिलांना ‘उचल्या’तील काही पाने वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्या दोघांतल्या थोरल्याचं नाव काय होतं रे?”

घरात कोणालाच सांगता आले नाही.